पिस्तूल देता-घेता : टूमस्टोनचा मार्शल फ्रेड व्हाइट

मृत्युपूर्व जबाब म्हटलं की फौजदारी कोर्टात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे ठरावीक चित्र उभं राहतं. जळीत वॉर्ड, ‘रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ हा डॉक्टरांचा शेरा, घाईघाईने आलेले कार्यकारी दंडाधिकारी, खाली अंगठ्याचा ठसा. त्या कागदाचं कामही ठरलेलं, आरोपीला अडकवायचं. मरणाऱ्याने नाव घेतलं आणि जबाब टिकला, की आरोपीच्या वकिलाला घाम फुटतो.

आज मांडतोय ते प्रकरण उलट्या दिशेने चालणारं आहे. मरणारा माणूस स्वतः पोलिस होता. गोळी घालणारा बदमाश म्हणून ओळखला जाणारा, गावाला अजिबात न आवडणारा इसम. लोक दोरखंडाची भाषा बोलत होते. आणि मरणाऱ्याने सांगितलं, ‘हा अपघात होता.’

हे अमेरिकेतल्या अॅरिझोना टेरिटरीत, टूमस्टोन नावाच्या गावात, १८८० सालच्या ऑक्टोबरमध्ये घडलं. या गावाचं नाव काढलं की लोकांना जवळजवळ एक वर्षानंतरची ओ. के. कोरलची चकमक आठवते. अर्प बंधू आठवतात, डॉक हॉलिडे आठवतो. फ्रेड व्हाइट आठवत नाही. एका गाजलेल्या चित्रपटात तो दिसतो, पण तिथे त्याला पिकलेल्या केसांचा म्हातारा करून टाकलंय. खरा व्हाइट तिशी नुकतीच ओलांडलेला तरुण होता.

गाव

एड शीफेलिन नावाचा एक खनिजशोधक १८७७ साली एकटाच अपाची लोकांच्या मुलुखात चांदी हुडकत हिंडत होता. छावणीतले सैनिक त्याला म्हणाले, तिथे तुला दगड सापडेल तो तुझ्या थडग्याचाच. त्याला चांदी सापडली आणि त्याने खोचकपणे आपल्या दाव्याला ‘टूमस्टोन’ हेच नाव दिलं. १८७९ मध्ये शेजारच्या माळावर गाव आखलं गेलं. तंबू गेले, लाकडी घरं आली, दारूचे गुत्ते आले, जुगाराची टेबलं आली. १८८० च्या मे महिन्यात जॉन क्लम याने तिथे ‘एपिटाफ’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. एपिटाफ म्हणजे थडग्यावरचा मजकूर. गावाच्या नावाला शोभेल असंच.

फ्रेड व्हाइट या गावाचा पहिला टाउन मार्शल. ६ जानेवारी १८८० रोजी लोकांनी त्याला मतं देऊन निवडलं. आपल्याकडे पोलिस सरकारचा असतो, वरून नेमलेला. तिथला मार्शल गावाचा, आणि गावाने निवडलेला. त्याची हद्द गावापुरती. गावाबाहेरचा सगळा मुलूख पीमा काउंटीच्या शेरीफकडे. शेरीफ चार्ल्स शिबेल बसायचा टूसॉनला, सत्तर-एक मैल लांब, म्हणून त्याने टूमस्टोनच्या बाजूला एक डेप्युटी ठेवला होता. जुलै १८८० पासून तो डेप्युटी म्हणजे वायट अर्प.

आता ‘काउबॉय’ या शब्दाबद्दल दोन वाक्यं, कारण त्यावाचून पुढचं नीट कळणार नाही. आपण ज्याला गुराखी समजतो तो अर्थ त्या भागात, त्या वर्षांत चालत नव्हता. प्रामाणिक गुरंवाला स्वतःला रँचर म्हणवून घ्यायचा. ‘काउबॉय’ म्हणजे मेक्सिकोच्या हद्दीपलीकडून गुरं चोरून आणणाऱ्या टोळक्यांतला माणूस. कर्ली बिल ब्रोशस त्यांच्यातला बडा आसामी. गंमत अशी की अशा लोकांचंही व्हाइटशी बरं होतं. तो उगाच अंगावर जाणारा नव्हता, आणि सांगितलं की ऐकणारे काउबॉयही गावात होते.

ती रात्र

२७ ऑक्टोबरची रात्र सरून २८ तारीख लागली होती, साडेबाराचा सुमार. अॅलन स्ट्रीटवर काही काउबॉय दारूच्या तारेत चंद्र-चांदण्यांवर नेम धरून बार काढत होते. पुढच्या वर्षी जिथे बर्ड केज थिएटर उभं राहिलं, त्याच्या आसपासची मोकळी जागा. कुणाला मारायचं नव्हतं, नुसता धिंगाणा. पण गावात शस्त्र लपवून बाळगायला आणि रस्त्यात बार काढायला बंदी होती, आणि बंदी राबवायची म्हणजे व्हाइटने जायचं.

तो गेला. वायट अर्प त्या वेळी ओवेन्सच्या सलूनमध्ये बसला होता, बिनहत्यारी. बार ऐकून तो धावत बाहेर आला. वाटेत त्याचा भाऊ मॉर्गन आणि फ्रेड डॉज नावाचा एक जण भेटले. ‘कुणी बार काढले?’ ‘माहीत नाही, त्या घरामागे पळाले काही जण.’ वायटने डॉजचं पिस्तूल उसनं घेतलं आणि घराला वळसा घातला.

पुढचे काही क्षण वायटच्या शपथेवरच्या साक्षीतून कळतात. ती डिसेंबरमध्ये टूसॉनला झाली आणि तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली. माझ्या मते ही साक्ष म्हणजे या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तिचा क्रम जपून सांगतो.

वायट कोपऱ्यावर पोचण्याआधीच त्याला व्हाइटचा आवाज ऐकू आला : मी अंमलदार आहे, तुझं पिस्तूल दे. वळल्यावर दिसलं की ब्रोशस म्यानातून पिस्तूल काढतोय आणि व्हाइटने त्याची नळी पकडली आहे. दोघे समोरासमोर, मध्ये दोन फुटांहून जास्त अंतर नाही. दोघांचेही हात पिस्तुलावर. तेवढ्यात वायटने ब्रोशसला मागून कवेत घेतलं, अंगावर आणखी हत्यार आहे का ते चाचपायला, आणि त्याच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. व्हाइटने वायटला पाहिलं. मदतीला माणूस आला म्हणून त्याला बळ आलं असावं. ब्रोशसला एक कचकचीत शिवी हासडून त्याने पिस्तूल सोडायला सांगितलं आणि जोराचा हिसका दिला. बार उडाला.

‘मला लागली,’ म्हणत व्हाइट पडला. गोळी जांघेत, आणि इतक्या जवळून की बंदुकीच्या जाळाने त्याच्या कपड्यांनी पेट घेतला. वायटने हातातल्या पिस्तुलाचा तडाखा डोक्यात घालून ब्रोशसला आडवं केलं. अंधारातून ब्रोशसच्या सोबत्यांच्या गोळ्या येत होत्या. फ्रेड डॉजने पुढे लिहून ठेवलंय की त्या गदारोळात वायट उकिडवा बसून नेहमीच्याच शांत आवाजात सांगत होता, फ्रेड व्हाइटच्या कपड्यांची आग विझवा.

ब्रोशसची गचांडी धरून त्याला उभं केलं तेव्हा तो म्हणाला, मी काय केलंय? मला अटक करण्यासारखं मी काहीच केलेलं नाही.

हे वाक्य ऐकून बहुतेकांना हसू येईल. समोर माणूस रक्तात पडलाय आणि हा विचारतो काय केलं? पण पुढे पाहू, हेच वाक्य त्याच्या बाजूने उभं राहतं.

हुकूम पाळायचा कसा?

व्हाइटचा हुकूम होता, ‘पिस्तूल दे.’ समोरच्याने हा हुकूम पाळायचा तर काय करायचं? पिस्तूल म्यानात आहे. द्यायचं तर आधी काढायला हवं. म्हणजे शरण जाणाऱ्याची आणि हल्ला करणाऱ्याची पहिली हालचाल अगदी एकच. अंधारात, दोन फुटांवरून, दारूचा वास येत असताना अंमलदाराने फरक ओळखायचा कशावरून?

व्हाइटला तो ओळखता आला नाही, किंवा ओळखण्याची जोखीम त्याने घेतली नाही. त्याने नळी धरली. नळी धरणं ही कुणाचीही पहिली प्रेरणा असते. मला मारणारं तोंड ते, तेच वळवायचं. पण नळी धरून आपल्याकडे ओढली की नळी आपल्याकडेच वळते. दुसऱ्याचं बोट चापाच्या कमानीत असेल, तर आपणच पिस्तूल पुढे खेचतो आणि चाप त्याच्या बोटावर मागे ओढला जातो. बार काढण्यासाठी त्या माणसाला बोट हलवावंही लागत नाही.

त्यात भर वायटच्या मिठीची. मागून अचानक कवेत धरलं की माणसाच्या हाताच्या मुठी आवळल्या जातात. दोन अंमलदारांनी एकाच माणसाला दोन बाजूंनी, एकमेकांशी एक शब्द न बोलता धरलं. दोघांचाही हेतू चांगला, दोघेही शूर, आणि दोघांच्या मध्ये एक भरलेलं पिस्तूल. वायटने आपल्या साक्षीत सगळं वजन व्हाइटच्या हिसक्यावर ठेवलं. मिठीचा उल्लेख केला, पण तिचा परिणाम काय झाला असेल याबद्दल तो काही बोलला नाही. कुणी विचारलंही नसावं. मी उलटतपासणी घेत असतो तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

आज कुठल्याही पोलिस प्रशिक्षणात शिकवतात ते साधं आहे. हत्यारी माणसाला ‘हत्यार दे’ म्हणायचं नाही. हात वर करायला लावायचं, पाठ फिरवायला लावायचं, आणि हत्यार आपण काढून घ्यायचं. १८८० च्या टूमस्टोनमध्ये हे शिकवणारं कुणी नव्हतं. मार्शल निवडून यायचा, बिल्ला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा.

पिस्तुलाची साक्ष

ब्रोशसचं पिस्तूल पॉइंट फोर फाइव्ह कॅलिबरचं कोल्ट होतं. त्या काळचं कोल्ट आजच्या रिव्हॉल्वरसारखं नुसता चाप ओढून उडत नसे. प्रत्येक बाराआधी मागचा घोडा अंगठ्याने चढवावा लागे. (काही जण चापालाच घोडा म्हणतात, इथे घोडा म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारा तो मागचा तुकडा.) हा घोडा टप्प्याटप्प्याने चढतो. आधी सुरक्षेची खाच, मग अर्धवट चढलेली अवस्था, जिच्यात काडतुसांची चक्री मोकळी फिरते आणि काडतुसं भरता येतात, आणि शेवटी पूर्ण चढलेली, बाराला तयार. अर्ध्या खाचेत असताना चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये, अशीच ती रचना.

टूसॉनच्या सुनावणीत जेकब ग्रुबर नावाचा बंदूक-कारागीर साक्षीला उभा राहिला. त्याने पिस्तूल तपासलं होतं. त्याचं म्हणणं, हे पिस्तूल सदोष आहे. घोडा अर्धा चढलेला असतानाही बार उडतो. बस्स. या एका निष्कर्षाने खुनाचा दावा अर्धा ढासळला. कारण खून करायचा म्हणजे घोडा पूर्ण चढवायला हवा, म्हणजे अंगठ्याची जाणीवपूर्वक हालचाल हवी. इथे ती नसतानाही बार उडू शकत होता.

दुसरा मुद्दा मला त्याहून मोलाचा वाटतो, आणि त्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. वायटने पिस्तूल उचलून नंतर तपासलं तेव्हा एकच काडतूस उडालेलं होतं, पाच शाबूत होती. म्हणजे व्हाइटला लागलेली गोळी हीच त्या पिस्तुलातून त्या रात्री सुटलेली पहिली आणि शेवटची गोळी. चंद्रावर नेम धरणाऱ्यांत ब्रोशस नव्हता! कोल्टमधली रिकामी काडतुसं एकेक करून बाहेर ढकलावी लागतात आणि नवी एकेक करून भरावी लागतात. पाठलागाच्या धावपळीत, अंधारात, कुणी हे उरकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे ‘मला अटक करण्यासारखं मी काय केलं?’ हा त्याचा प्रश्न कांगावा नव्हता. निदान गोळीबारापुरता तरी तो खरं बोलत होता.

पण त्याच आकड्याची एक दुसरी बाजूही आहे. एक आणि पाच म्हणजे सहा. कोल्टची सुरक्षेची खाच नाजूक म्हणून जाणती माणसं सहापैकी एक घर रिकामं ठेवत आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवत. ब्रोशसने सहाही घरं भरली होती. सदोष पिस्तूल, सहाही घरं भरलेली, रात्री दारूबाजांच्या संगतीत. खून नाही म्हणून निर्दोष, असं म्हणणं मला जड जातं ते याच ठिकाणी.

जबाब

व्हाइट दोन दिवस जगला. शनिवारी, ३० ऑक्टोबरला सकाळी त्याचा प्राण गेला. मरण्यापूर्वी त्याने सांगून ठेवलं की गोळी चुकून सुटली. आपल्याला मारण्याचा ब्रोशसचा हेतू होता असं आपल्याला वाटत नाही.

वेदना केवढी असेल याची कल्पना करा. त्या काळात जांघेतल्या गोळीवर डॉक्टरांकडे फारसा इलाज नव्हता. अशा अवस्थेत आपल्याला गोळी लागली त्या पिस्तुलाच्या मालकाबद्दल माणूस काय बोलेल? त्याने मौन पाळलं असतं, तरी लोकांनी उरलेलं आपापल्या मनाने भरून काढलं असतं. व्हाइटने तसं होऊ दिलं नाही. मला त्याच्या जेमतेम दहा महिन्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत काटेकोर पोलिसी काम वाटतं. हिसका आपणच दिला होता हे त्याला माहीत होतं, आणि दोष त्याने दुसऱ्यावर ढकलला नाही.

ब्रोशसला तोवर गावाबाहेर काढलं होतं. मार्शल वाचत नाही अशी कुणकुण लागताच आरोपीला झाडाला लटकवण्याची भाषा सुरू झाली. ब्रोशसने टूमस्टोनमधली प्राथमिक सुनावणी सोडून दिली आणि त्याला बग्गीत घालून टूसॉनच्या तुरुंगाकडे नेण्यात आलं. नेणारा कोण? ज्याने त्याच्या डोक्यात पिस्तूल हाणलं होतं, तोच वायट अर्प. या प्रवासातला एक मासला वायटने पुढच्या वर्षी वेगळ्याच खटल्यात सांगितला. वाटेत ब्रोशसने विचारलं, टूसॉनला चांगला वकील कोण? वायटने हेरेफर्ड आणि झाब्रिस्की या जोडीचं नाव सुचवलं. ब्रोशस म्हणाला, झाब्रिस्की नको, टेक्ससमध्ये त्याने माझ्याविरुद्ध खटला चालवला होता! आरोपीने पोलिसाला वकील विचारावा, पोलिसाने सुचवावा, आणि त्या ओघात आरोपीने आपला जुना गुन्हा स्वतःच सांगून टाकावा. आपल्याकडच्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात हा संवाद खपून जाईल.

निकाल, आणि आपला कायदा

टूसॉनला जस्टिस नॉयगास याच्यापुढे डिसेंबरच्या अखेरीस सुनावणी झाली. तिन्ही धागे एकाच ठिकाणी येऊन मिळाले : मरणाऱ्याचा जबाब, प्रत्यक्षदर्शी अंमलदाराची साक्ष आणि कारागिराचा अहवाल. नॉयगासने ठरवलं की हा दुर्दैवी अपघाताने झालेला मनुष्यवध आहे, आणि ब्रोशसला सोडून दिलं. तो जवळजवळ दोन महिने तुरुंगात होता.

हेच आपल्याकडे घडलं असतं तर? गंमत म्हणजे २०२४ पर्यंत चाललेले आपले दोन्ही कायदे तेव्हा जन्मलेले होते. भारतीय दंड संहिता १८६० ची, पुरावा कायदा १८७२ चा. पुरावा कायद्याचं कलम ३२ (आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २६) मृत्यूच्या कारणाबद्दल मृताने केलेलं विधान ग्राह्य धरतं, आणि बोलताना त्याला आपण मरणार याची खात्री असायलाच हवी असं म्हणत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या नियमात ती खात्री लागायची. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, हा त्यामागचा विचार. व्हाइटच्या जबाबाला आपल्या कोर्टात ती पायरी चढावी लागली नसती.

खरी चर्चा झाली असती ती दंड संहितेच्या कलम ८० वर. कायदेशीर कृत्य, कायदेशीर रीतीने, योग्य काळजी घेऊन करताना अपघात घडला तर तो गुन्हा नाही. त्याखालचं उदाहरण प्रत्येक विधी विद्यार्थ्याला पाठ असतं : माणूस कुऱ्हाड चालवतोय, पातं निसटतं, शेजारी उभ्या असलेल्याला लागून तो मरतो. कुऱ्हाडीच्या जागी सदोष कोल्ट ठेवा. साम्य भुरळ घालणारं आहे. पण ‘योग्य काळजी’ हे दोन शब्द त्यात आहेत, आणि तिथे ब्रोशस अडकला असता. सदोष हत्यार, सहा भरलेली घरं. खुनाचं कलम टिकलं नसतं, हे नक्की. मात्र हयगयीने मृत्यू घडवण्याचं ३०४-अ, जे संहितेत १८७० साली घातलं गेलं, त्याला निदान आरोपपत्रापर्यंत घेऊन गेलं असतं. पुढे शिक्षा झाली असती का? बचाव पक्ष म्हणाला असता की हयगय कुणाची? हिसका कुणी दिला? आणि हा अपघात होता, असं खुद्द मृताने सांगून ठेवलेलं.

वायट खोटं बोलला का?

हा प्रश्न इतिहासकारांत आजही निघतो आणि तो वावगा नाही. व्हाइटवर गोळी सुटल्यानंतर पाचच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, पीमा काउंटीच्या शेरीफपदाची निवडणूक झाली. सान सायमन नावाच्या आडबाजूच्या केंद्रात शिबेलला १०३ मतं आणि त्याचा प्रतिस्पर्धी बॉब पॉल याला एक. एवढे मतदार त्या केंद्रात होते कुठे, हाच प्रश्न होता. वायटने पॉलची बाजू घेतली आणि ९ नोव्हेंबरला डेप्युटीपद सोडलं. पुढे निवडणुकीच्या वादात पॉलच्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदारांत जेम्स जॉन्सन होता. व्हाइट पडला त्या रात्री घराच्या कोपऱ्यावर वायट ज्याच्या अंगाजवळून धावत गेला, तोच हा जॉन्सन.

तेव्हा संशय असा : तुम्ही मतपेट्यांबद्दल बोला, मी कर्ली बिलसाठी बोलतो, असा सौदा झाला असेल का? अशक्य नाही. पण सौदा मानला तरी ग्रुबरचं पिस्तूल त्यात बसत नाही, आणि व्हाइटचा जबाब तर मुळीच बसत नाही. तो वायटच्या साक्षीच्या दोन महिने आधीचा आहे. वायटने सत्य सांगण्यासाठी सोयीची वेळ साधली, असं फार तर म्हणता येईल.

पुढे गंमत झाली. १८८२ च्या मार्चमध्ये मॉर्गन अर्पचा खून झाला, त्याच महिन्यात वायटने आयर्न स्प्रिंग्जला कर्ली बिलला बंदुकीने उडवल्याचं सांगितलं, आणि कर्ली बिल हा कथेतला खलनायक ठरून गेला. खलनायकाच्या हातून अपघात कसा होईल? मग नंतरच्या लेखनात एक करामत शिरली : ब्रोशसने पिस्तूल मुठीकडून पुढे केलं, आणि व्हाइट ते घेणार तोच बोटावर गर्रकन फिरवून बार काढला. या युक्तीला कर्ली बिलचं नावही चिकटलं. शपथेवरच्या साक्षीत तिचा मागमूस नाही. नळी व्हाइटच्या मुठीत, मागून वायटची मिठी, आरोपी शेवटपर्यंत जागच्या जागी उभा. यात पिस्तूल फिरायला जागाच कुठे आहे? पहिला जबाब एक आणि वर्षांनी सुधारलेला दुसरा असेल, तर कोर्टात कुठला धरतात हे सांगायला नको.

मागे राहिलेलं काम

व्हाइट गेला तेव्हा गावाने त्याच्या जागी तात्पुरतं वायटचा भाऊ व्हर्जिल अर्प याला नेमलं. १२ नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत बेन सिपीला ३११ मतं पडली, व्हर्जिलला २५९. जून १८८१ मध्ये सिपी गाव सोडून गेला आणि व्हर्जिल पोलिसप्रमुख झाला. त्याआधी एप्रिलमध्ये गावाने हत्यारबंदीचा नियम आणखी कडक केला होता.

आणि २६ ऑक्टोबर १८८१, व्हाइटला गोळी लागली त्याला वर्ष पुरं व्हायला दोन दिवस कमी. त्याच नियमाखाली व्हर्जिल आपल्या दोन भावांना आणि डॉक हॉलिडेला घेऊन हत्यारं काढून घ्यायला निघाला. हातातली शॉटगन त्याने हॉलिडेला दिली आणि हातात हॉलिडेची काठी धरली. समोरच्यांना त्याने आधी हात वर करायला सांगितलं. कुणाचा तरी घोडा चढल्याचा आवाज आला तेव्हा तो ओरडला, थांबा, मला तसं म्हणायचं नाही! ओ. के. कोरलच्या या अर्ध्या मिनिटाच्या चकमकीत तीन जण मेले. भरलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात कसं घ्यायचं, हा प्रश्न गावाला वर्षभरानेही सुटलेला नव्हता.

फ्रेड व्हाइटच्या प्रकरणात शेवटी शिक्षा कुणाला झाली? टूमस्टोनमध्ये दुसऱ्याच दिवशी पाच जणांना हजर केलं होतं. एम्स नावाच्या काउबॉयने हत्यार लपवून बाळगल्याचं आणि रस्त्यात बार काढल्याचं कबूल केलं. त्याला ४० डॉलर दंड झाला. जॉन्सनसह तिघांनी नुसतं हत्यार बाळगल्याचं कबूल केलं, प्रत्येकी १० डॉलर. पाचवा, फ्रँक पॅटरसन, सोबत्यांना आवरायचा प्रयत्न करत होता असं दिसल्यावरून सुटला. एकूण वसुली ७० डॉलर. दंड भरला गेला तेव्हा व्हाइट अजून जिवंत होता.